थीम त्यांची, साइट तुमची!

रेडीमेड थीम घेऊन वेबसाइट उभी करणं आता तासाभराचं काम झालंय. पण ती थीम ‘आपली’ करताना कुठे हात घालायचा आणि कुठे मुळीच घालायचा नाही, हे माहीत नसेल तर महिनाभराची मेहनत एका अपडेटमध्ये पुसली जाते.

कॉलेजच्या फेस्टची वेबसाइट, डिपार्टमेंटचं ई-मॅगझिन, प्लेसमेंटसाठीचा पोर्टफोलिओ, ट्रेकिंग ग्रुपचा ब्लॉग... यातलं काही ना काही कधीतरी तुमच्या गळ्यात पडलेलं असतं. ‘तुला कम्प्युटरमधलं कळतं ना? मग वेबसाइट तू कर!’ एवढं एक वाक्य त्यासाठी पुरतं. बजेट विचारलं तर उत्तर ठरलेलं. शून्य.

अशा वेळी मदतीला येतात स्टॅटिक साइट जनरेटर. नाव भारदस्त आहे, काम साधं. वर्डप्रेससारख्या सिस्टिममध्ये कुणी पान उघडलं की सर्व्हरवर प्रोग्रॅम चालतो, डेटाबेसमधून मजकूर उचलतो आणि पान तयार करून समोर ठेवतो. स्टॅटिक साइट जनरेटर ही सगळी पानं आधीच तयार करून ठेवतो. तुम्ही मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा. जनरेटर तो साच्यात ओतून तयार एचटीएमएल पानं काढून देतो. ना डेटाबेस, ना सर्व्हरवर सतत चालणारा प्रोग्रॅम. म्हणून तर ही पानं गिटहब पेजेससारख्या ठिकाणी फुकटात ठेवता येतात. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये रूबी भाषेत लिहिलेला जेकिल आणि स्टीव्ह फ्रान्सिया यांनी २०१३ मध्ये गो भाषेत सुरू केलेला ह्यूगो, ही यातली दोन गाजलेली नावं.

दोघांसाठीही शेकडो थीम्स तयार मिळतात. थीम म्हणजे पानांचे साचे, अर्थात टेम्प्लेट्स, आणि त्यांची रंगरंगोटी करणाऱ्या सीएसएस फाइल्स. एक थीम आवडली, उतरवून घेतली, कॉन्फिग फाइलमध्ये तिचं नाव टाकलं की साइट उभी! खरी गंमत त्यानंतर सुरू होते. तळाशी थीम बनवणाऱ्याचं नाव झळकत असतं. अस्सल मराठी लेखाखाली इंग्रजीत ‘रीड मोअर’ लिहिलेलं असतं. मराठी तारखेच्या जागी इंग्रजी महिना असतो. आणि एवढ्यात सर विचारतात, ‘कॉलेजचा लोगो कुठाय?’

आता बदल करायचेच आहेत. प्रश्न एवढाच, की कुठे?

थीमच्या फोल्डरला हात नको

बहुतेक जण इथे सरळ रस्ता धरतात. थीमचं फोल्डर उघडायचं, फूटरची फाइल शोधायची, हवं ते बदलायचं, सेव्ह. लॅपटॉपवर साइट झकास दिसते. काम फत्ते!

पण थांबा. ह्यूगोच्या बऱ्याच थीम्सच्या सूचनांमध्ये थीम ‘गिट सबमॉड्यूल’ म्हणून जोडायला सांगितलेलं असतं. याचा अर्थ तुमच्या गिट रिपॉझिटरीत थीमच्या फाइल्स नसतातच. तिथे फक्त एक नोंद असते, की अमुक पत्त्यावरची थीम, तिच्या अमुक कमिटपाशी जशी होती तशी, इथे वापरायची. त्यामुळे थीमच्या आत केलेला बदल तुमच्या मुख्य रिपॉझिटरीत जातच नाही. तुम्ही पुश करता, तिकडचा सर्व्हर साइट बांधायला घेतो, थीम मूळ पत्त्यावरून नव्याने आणतो आणि साइट लाइव्ह होते ती जुन्याच फूटरसकट. ‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’ हे अजरामर वाक्य अशाच वेळी तोंडातून बाहेर पडतं.

याहून वाईटही होऊ शकतं. तुम्ही सबमॉड्यूलच्या आत शिरून बदल कमिट करता, पण पुश करता येत नाही, कारण मूळ थीमच्या रिपॉझिटरीत लिहिण्याचा हक्क तुम्हाला नाही. आता तुमच्या मुख्य रिपॉझिटरीतली नोंद अशा कमिटकडे बोट दाखवतेय, जो तुमच्या लॅपटॉपशिवाय जगात कुठेच नाही. बिल्ड तिथेच कोसळतं.

बरं, सबमॉड्यूल नाही, झिप उतरवून फोल्डर थेट टाकलंय असं धरू. तरी काही महिन्यांनी थीमची नवी आवृत्ती येणार. जुनं फोल्डर काढून नवं टाकलं की तुमचे बदल गेले. नाही टाकलं तर नव्या ह्यूगोवर जुनी थीम कधी ना कधी अडणार. आणि कोणकोणत्या फाइल्समध्ये काय काय बदललं होतं, हे तोवर कुणालाही आठवत नसणार. कॉलेजच्या साइट्सचं तर आणखी एक दुखणं असतं. दर वर्षी टीम बदलते. तुम्ही पास होऊन जाता आणि पुढच्या वर्षीच्या ज्युनियरच्या हातात एक अशी थीम येते, जी मूळ थीमसारखी दिसते पण तशी वागत नाही. मग तो किंवा ती एकच शहाणपणाचा निर्णय घेते. सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात.

खाडाखोड नको, वर चिठ्ठी चिकटवा

घरात आजीची पाककृतींची जुनी वही असेल, तर तिच्यात आपण खाडाखोड करत नाही. ‘तिखट अर्धंच’ असं लिहिलेली चिठ्ठी त्या ओळीवर चिकटवतो. वाचणारा चिठ्ठी वाचतो. चिठ्ठी काढली की खालची ओळ जशीच्या तशी.

ह्यूगो नेमकं हेच करतो. कुठलंही टेम्प्लेट लागलं की तो आधी तुमच्या प्रोजेक्टच्या ‘लेआउट्स’ फोल्डरमध्ये बघतो. तिथे त्याच मार्गावर, त्याच नावाची फाइल सापडली तर तीच वापरतो. नाही सापडली, तरच थीमच्या ‘लेआउट्स’कडे वळतो. या चिठ्ठी चिकटवण्याला म्हणतात टेम्प्लेट ‘ओव्हरराइड’ करणं.

फूटरचंच उदाहरण घेऊ. थीमच्या फोल्डरमध्ये जा. तिथे ‘लेआउट्स’, त्याच्या आत ‘पार्शल्स’ आणि त्याच्या आत ‘फूटर’ नावाची एचटीएमएल फाइल सापडेल. पार्शल म्हणजे पानाचा एक छोटा, पुन्हा पुन्हा वापरायचा तुकडा. आता तुमच्या प्रोजेक्टच्या मुळाशी, म्हणजे थीमच्या बाहेर, ‘लेआउट्स’ आणि त्याच्या आत ‘पार्शल्स’ अशी फोल्डर्स करा. थीममधली फूटरची फाइल तिथे कॉपी करा आणि बदल या कॉपीत करा. ह्यूगोचा सर्व्हर लॅपटॉपवर चालू असेल, तर ब्राउझरमध्ये १३१३ क्रमांकाच्या पोर्टवर बदल लगेच दिसेल. मनासारखं नाही झालं? कॉपी डिलीट करा, थीमचा फूटर परत हजर. काही बिघडवून ठेवण्याची भीतीच नाही.

एक काळजी मात्र घ्या. मार्ग हुबेहूब जुळला पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ह्यूगोच्या ०.१४६ या आवृत्तीत टेम्प्लेट्सच्या फोल्डर्सची रचना बदलली. ‘पार्शल्स’ आणि ‘शॉर्टकोड्स’ या नावांच्या आधी अंडरस्कोर आला आणि ‘डीफॉल्ट’ नावाचं फोल्डर गेलं. जुन्या रचनेच्या थीम्स चालाव्यात अशी सोय ठेवलेली आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या थीम्स तुम्हाला भेटतील. म्हणून जुन्या व्हिडिओत दिसणारा मार्ग डोळे झाकून उचलू नका. तुमच्या थीममध्ये जो मार्ग आहे, तोच तुमचा.

चिठ्ठी जितकी लहान, तितकी बरी

ही युक्ती कळली की अतिउत्साह येतो. काही जण ‘असू दे, लागेल’ म्हणून थीमचं अख्खं ‘लेआउट्स’ फोल्डरच आपल्याकडे कॉपी करतात. म्हणजे आजीची सगळी वहीच चिठ्ठ्यांनी झाकून टाकली! यात तोटा असा, की कॉपी केलेली फाइल त्या दिवसापाशी गोठते. उद्या थीमवाल्यांनी त्याच फाइलमधली चूक दुरुस्त केली, तर ती दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. थीम अपडेट होते आणि साइट जिथल्या तिथे.

म्हणून फाइल कॉपी करण्याआधी थोडं थांबा आणि एकेक पायरी चढत जा.

पहिली पायरी कॉन्फिग फाइलची. साइटचं नाव, मेन्यू, लोगो, सोशल मीडियाच्या लिंक्स, तारखेचा साचा अशा कितीतरी गोष्टी चांगल्या थीम्स कॉन्फिगमधूनच बदलू देतात. थीमची माहिती देणारी ‘रीडमी’ फाइल दहा मिनिटं शांतपणे वाचली, तर निम्मे ओव्हरराइड्स करावेच लागत नाहीत.

दुसरी पायरी शब्दांची. ‘रीड मोअर’ हे बटण मराठी करायला टेम्प्लेट बदलायची गरज नसते. नीट बांधलेल्या थीममध्ये असे शब्द टेम्प्लेटमध्ये लिहिलेले नसतात. ते भाषांतराच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, प्रत्येक भाषेच्या स्वतंत्र फाइलमध्ये असतात. तुम्ही आपल्या प्रोजेक्टमध्ये मराठीची फाइल करायची आणि हवे ते शब्द द्यायचे. इथे ह्यूगोचा एक गुण उपयोगी पडतो. टेम्प्लेटच्या बाबतीत तुमची अख्खी फाइल थीमच्या अख्ख्या फाइलच्या जागी बसते. भाषांतराच्या बाबतीत मात्र जुळणी एकेका शब्दापर्यंत होते. थीममध्ये मराठीची फाइल आधीपासून असेल आणि त्यातला एकच शब्द तुम्हाला खटकत असेल, तर तुमच्या फाइलमध्ये तेवढाच शब्द लिहा. बाकीचे थीममधूनच येतील.

तिसरी पायरी रंगरूपाची. फक्त रंग, फॉन्ट किंवा अंतरं बदलायची असतील तर टेम्प्लेट कशाला? बऱ्याच थीम्स स्वतःची जास्तीची सीएसएस जोडायला जागा देतात. ‘पेपरमॉड’ या लोकप्रिय थीममध्ये ‘अ‍ॅसेट्स’च्या आतल्या ‘सीएसएस’ फोल्डरमध्ये ‘एक्स्टेंडेड’ नावाचं फोल्डर करून फाइल ठेवली, की ती आपोआप जोडली जाते.

चौथी पायरी रिकाम्या खुंट्यांची. काही थीम्स मुद्दाम रिकाम्या पार्शल फाइल्स ठेवतात, तुम्ही तिथे आपलं काही टांगावं म्हणून. पेपरमॉडमध्येच ‘एक्स्टेंड हेड’ आणि ‘एक्स्टेंड फूटर’ अशा दोन आहेत. वाचकसंख्या मोजणारा कोड किंवा वेगळा फॉन्ट इथून जोडता येतो. मूळ फाइल रिकामीच असल्यामुळे ती झाकली तरी काही गमावत नाही.

पाचवी पायरी छोट्या पार्शलची. फूटर, लेखकाचा परिचय, शेअरची बटणं असे तुकडे इथे कॉपी करून बदलायचे.

आणि अगदी शेवटी, दुसरा मार्गच नसेल तेव्हा, अख्ख्या पानाचं टेम्प्लेट. त्यातही ‘बेसऑफ’ नावाच्या फाइलला हात लावताना दोनदा विचार करा. साइटच्या सगळ्या पानांचा सांगाडा तिथे असतो. बाकीची टेम्प्लेट्स त्यातल्या ठरवून ठेवलेल्या मोकळ्या जागा भरतात. ही एक फाइल गोठली, की सगळी पानं गोठली.

मराठीचं काय?

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. बहुतेक थीम्स रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनतात. त्यात मराठी मजकूर ओतला की काही गोष्टी हमखास बिनसतात आणि त्या दुरुस्त करणं हेच तुमचं खरं कस्टमायझेशन असतं.

सगळ्यात आधी भाषेची खूण. प्रत्येक एचटीएमएल पानाच्या सुरुवातीला हे पान कोणत्या भाषेत आहे ते लिहिलेलं असतं. मराठीसाठी हा कोड ‘एमआर’. तो इंग्रजीचाच राहिला तर डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध मित्राला लगेच जाणवतो. कारण या खुणेवरूनच स्क्रीन रीडर कुठल्या भाषेच्या उच्चारात वाचायचं ते ठरवतो. मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लागला, तर काय ऐकू येईल याची कल्पना करा! शिवाय काही देवनागरी फॉन्ट असे आहेत, जे भाषा मराठी असल्याचं कळलं तरच ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवतात. नाहीतर हिंदी वळणाचे. चांगल्या थीममध्ये कॉन्फिगमधली भाषा बदलली की ही खूण आपोआप बदलते. काही थीम्समध्ये मात्र इंग्रजीचा कोड टेम्प्लेटमध्येच पक्का लिहिलेला असतो. ‘बेसऑफ’ ओव्हरराइड करायला हे अगदी रास्त कारण आहे.

पण भाषा मराठी केली आणि थीममध्ये मराठीची भाषांतर फाइलच नसली तर? मग गंमत होते. बटण दिसतं, त्यावर शब्दच नसतो! साइटची मुख्य भाषा मराठी असताना ह्यूगोला शब्द सापडला नाही, तर तो जागा रिकामी सोडतो. घाबरू नका. थीममधली इंग्रजी भाषांतर फाइल आपल्याकडे मराठीच्या नावाने कॉपी करा आणि एकेक शब्द मराठी करत जा. कोणते शब्द राहिले, ते सांगणारी सूचना छापण्याचा पर्यायही ह्यूगोच्या कमांडमध्ये आहे.

मग तारीख. थीमने तारीख छापायला गो भाषेची थेट पद्धत वापरली असेल, तर महिना इंग्रजीतच येणार. ह्यूगोचं स्वतःचं ‘टाइम फॉरमॅट’ हे फंक्शन वापरलं तर महिन्याचं नाव साइटच्या भाषेत येतं. इथे ओळभर बदलासाठी तारखेचं पार्शल कॉपी करावं लागलं तरी चालेल. फक्त एक विचित्र नियम लक्षात असू द्या. गो भाषेत तारखेचा नमुना नेहमी एका ठरलेल्या तारखेत लिहितात, २ जानेवारी २००६. तिथे तुम्ही हौसेने आजची तारीख लिहिलीत, तर पानावर भलतंच काहीतरी उमटेल.

आणि शेवटी अक्षरं. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमध्ये जास्तीची जागा सोडण्याची फॅशन आहे. हीच सेटिंग देवनागरीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. ती जागा शून्य करा. दोन ओळींमधलं अंतर थोडं वाढवा, कारण आपल्याकडे वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, त्यांनाही श्वास घ्यायला जागा हवी. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडवलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ यांसारखे मोफत फॉन्ट आहेत, ते जोडा. या सगळ्याला फार तर दहा-बारा ओळींची सीएसएस लागते. एकही टेम्प्लेट न झाकता साइट मराठी वाटायला लागते.

जेकिल वापरताय?

तत्त्व तेच, फक्त फोल्डर्सची नावं वेगळी. जेकिलमध्ये थीम बहुतेकदा ‘जेम’ म्हणून, म्हणजे रूबीचं पॅकेज म्हणून येते. त्यामुळे ‘मिनिमा’ ही नेहमीची थीम वापरूनही तिच्या फाइल्स प्रोजेक्टमध्ये दिसत नाहीत आणि नवखे गोंधळतात. त्या लॅपटॉपवर दुसरीकडे ठेवलेल्या असतात. बंडलरच्या ‘इन्फो’ कमांडला पाथ विचारला की जागा सांगतो. तिथून ‘लेआउट्स’, ‘इन्क्लूड्स’ किंवा ‘अ‍ॅसेट्स’मधली हवी ती फाइल आपल्या प्रोजेक्टमध्ये त्याच मार्गावर कॉपी करायची. जेकिलमध्ये ‘लेआउट्स’ आणि ‘इन्क्लूड्स’ या नावांच्या आधी अंडरस्कोर असतो, तो विसरू नका. तुमची फाइल असेल तर तुमची, नसेल तर थीमची.

चिठ्ठी लागत नाहीये?

बदल केला आणि पानावर काहीच दिसत नाही, असं झालं तर चिडण्याआधी हे तपासा.

• फाइल प्रोजेक्टच्या ‘लेआउट्स’मध्येच आहे ना? की घाईत थीमच्याच फोल्डरमध्ये गेली? फोल्डरच्या नावातला एखादा अंडरस्कोर किंवा शेवटचं ‘एस’ सुटलं नाही ना?

• ते पान खरंच त्याच टेम्प्लेटमधून येतंय का? लेखाचं पान आणि लेखांच्या यादीचं पान यांची टेम्प्लेट्स वेगळी असतात. ह्यूगोच्या कमांडला ‘टेम्प्लेट मेट्रिक्स’ हा पर्याय जोडला, तर कोणती टेम्प्लेट्स किती वेळा वापरली गेली याची यादीच मिळते.

• एकापेक्षा जास्त थीम्स जोडल्या आहेत का? ह्यूगोच्या यादीत डावीकडची थीम आधी पाहिली जाते.

• लॅपटॉपवर दिसतं, लाइव्ह साइटवर नाही? नवी फाइल गिटमध्ये अ‍ॅड आणि कमिट केलीय का, ते बघा. तीही केली असेल, तर ब्राउझरची जुनी कॅश रिकामी करा.

चिठ्ठ्यांचा हिशेब ठेवा

ओव्हरराइड केला की एक छोटी जबाबदारी अंगावर येते. प्रत्येक कॉपी केलेल्या फाइलच्या डोक्यावर कमेंटमध्ये दोन ओळी लिहा. थीमच्या कोणत्या आवृत्तीतून घेतली आणि का बदलली. एचटीएमएलची साधी कमेंट लिहिली तर ह्यूगो ती तयार पानातून काढून टाकतो, जेकिलमध्ये मात्र ती पानाच्या सोर्समध्येही जाते. टेम्प्लेटच्या भाषेतली कमेंट वापरलीत तर ती फक्त तुम्हालाच दिसते.

थीमची नवी आवृत्ती आली की तुमच्या ‘लेआउट्स’मध्ये जेवढ्या फाइल्स आहेत, तेवढ्याच तपासायच्या. जुन्या आणि नव्या आवृत्तीतल्या मूळ फाइलमध्ये काय बदललं, ते गिटच्या ‘डिफ’मध्ये दिसतं. काहीच बदललेलं नसेल तर प्रश्नच नाही. बदललं असेल तर तो बदल आपल्या कॉपीत आणायचा. तीन फाइल्स असतील तर चहा थंड होण्याआधी हे काम उरकतं. तीस असतील तर पुढचा रविवार गेला म्हणून समजा. ‘चिठ्ठी लहान ठेवा’ हा आग्रह त्यासाठीच.

फूटरमधलं नाव खोडण्याआधी

अनेकांचा पहिला ओव्हरराइड असतो तो फूटरमधलं थीमकर्त्याचं नाव काढण्यासाठी. त्याआधी थीमचं लायसन्स वाचा. ह्यूगो-जेकिलच्या बऱ्याच थीम्स एमआयटी लायसन्सखाली असतात. या लायसन्सनुसार थीमच्या कोडसोबत कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर राहू द्यावा लागतो. पानाच्या तळाशी नाव दाखवण्याची सक्ती त्यात नाही. पण सगळ्याच थीम्सचं तसं नसतं. ‘एचटीएमएल फाइव्ह अप’ची डिझाइन्स क्रिएटिव्ह कॉमन्स अ‍ॅट्रिब्यूशन लायसन्सखाली आहेत. त्यात श्रेय देणं ही अट आहे. आणि सक्ती नसली तरी, कुणीतरी रात्री जागून बनवलेली गोष्ट आपण फुकट वापरतोय. तळाशी एक ओळ त्याच्या नावाची राहिली, तर आपलं काय जातं?

इंटरव्ह्यूमध्ये याचा काय उपयोग?

उपयोग आहे, कारण ही सवय फक्त ह्यूगोपुरती नाही. वर्डप्रेसमध्ये हेच काम ‘चाइल्ड थीम’ करते. मूळ थीमला हात न लावता तुमची टेम्प्लेट्स वेगळ्या थीममध्ये राहतात आणि आधी वापरली जातात. डॉक्युमेंटेशनच्या साइट्ससाठी वापरल्या जाणाऱ्या डॉक्युसॉरसमध्ये एखादा कॉम्पोनंट बदलायचा असेल, तर त्याची अख्खी कॉपी काढायची की मूळ कॉम्पोनंटभोवती फक्त आवरण घालायचं, असे दोन पर्याय मिळतात. म्हणजे मोठी चिठ्ठी की छोटी चिठ्ठी, हाच प्रश्न. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुमच्या हातात येणारा कोड बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला असतो. तो न मोडता त्यात आपलं काम बसवणं, हे तिथलं रोजचं काम असतं.

तुमचा पोर्टफोलिओ बघणारा कुणी अनुभवी माणूस असेल, तर तो साइट बघून झाल्यावर रिपॉझिटरीही उघडेल. थीमच्या फोल्डरमध्ये केलेली घुसखोरी त्याला लगेच कळेल. आणि स्वच्छ ‘लेआउट्स’ फोल्डरमध्ये नेमक्या चार फाइल्स, प्रत्येकीच्या डोक्यावर ‘का बदललं’ हे लिहिलेलं, असं काही दिसलं तर तेही त्याच्या नजरेतून सुटणार नाही.

आज रात्री मेसमधून परत आलात की एवढंच करा. तुमच्या साइटचं थीमचं फोल्डर उघडा आणि गिटला विचारा, की इथे आपण काही बदललंय का. बदललं असेल, तर एकेक बदल तिथून उचलून आपल्या ‘लेआउट्स’मध्ये आणा आणि थीम होती तशी करून ठेवा. पुढच्या वर्षी ही साइट ज्याच्या हातात जाईल, तो ज्युनियर तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घालणार नाही, एवढी तरी खात्री बाळगा.